जॉयरीची जिरेल वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही वाचक जमतो. सध्या सी. एल. मूर यांच्या जिरेलच्या गोष्टी चालू आहेत. तलवार, जादूटोणा, भुयारं, राक्षस आणि या सगळ्याच्या मधोमध एक बाई. नव्याने येणारे फोनवर तेच ते प्रश्न विचारतात, आणि जुने लोक तेच ते मुद्दे काढून भांडतात. म्हणून एकदाच लिहून काढलं. पुढे गोष्टीचा शेवट सांगितलेला आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी गोष्ट वाचून मग इकडे यावं.

ही जिरेल कोण?

फ्रान्समधल्या जॉयरी नावाच्या एका काल्पनिक गढीची मालकीण. काळ मध्ययुगाचा, नेमकं साल विचारू नका, मूरबाईंनीही त्याची फिकीर केलेली नाही. लाल केस, पिवळसर डोळे, तोंडात शिव्या आणि नाकावर राग. पहिली गोष्ट, 'ब्लॅक गॉड्स किस', ऑक्टोबर १९३४ च्या 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात आली. याच मासिकात डिसेंबर १९३२ मध्ये रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचा कॉनन पहिल्यांदा अवतरला होता. म्हणजे उघड्या छातीचा तो रानटी वीर जन्माला येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर त्याच्याच घरात ही बाई चिलखत घालून हजर.

जिरेलच्या गोष्टी १९३९ पर्यंत येत राहिल्या आणि १९६९ साली पुस्तकरूपात एकत्र निघाल्या. काटेकोर बोलायचं तर ही कादंबरी नव्हे. पण पहिल्या दोन गोष्टी पाठोपाठ वाचल्या तर कादंबरी वाचल्यासारखंच वाटतं, कारण दुसरी पहिलीची बाकी चुकती करायला निघते.

पहिल्या गोष्टीत नक्की घडतं काय?

जॉयरी पडली आहे. जिंकणारा गियोम दिवाणखान्यात बसलाय आणि त्याच्यापुढे गढीच्या सेनापतीला धरून आणतात. आपल्याला एवढं झुंजवणारा हा गडी दिसतो तरी कसा, म्हणून तो शिरस्त्राण काढायला लावतो. आत बाई! मग तो हसतो, तिची टर उडवतो आणि तिला धरून तिचं चुंबन घेतो. ती त्याच्या गळ्याला दातांनी भिडते. तो तिला ठोसा मारून बेशुद्ध करतो.

शुद्धीवर आल्यावर ती पहारेकऱ्याला आडवा करते, गढीतल्या फादर जर्वेजला गाठते आणि सांगते की मी खाली नरकात चालले, गियोमला पुरून उरेल असं शस्त्र आणायला. गढीच्या पोटात एक भुयार आहे, माणसाने खणलेलं नसावं असं. तिथे गळ्यात क्रॉस असेपर्यंत डोळ्यांपुढे नुसता काळोख. क्रॉस उतरवला की अनोळखी तारे आणि खालचा तो मुलूख दिसायला लागतो. शेवटी तिला सापडतं ते शस्त्र म्हणजे एका काळ्या मूर्तीचं चुंबन. ते ती ओठांवर घेऊन वर येते आणि गियोमला देते. तो मरतो. आणि तो मेल्यावर तिला कळतं की आपलं याच माणसावर प्रेम होतं.

हो, शेवटचं वाक्य बरोबर वाचलंत.

मग यात पुरुषी वर्चस्वाला आव्हान कसलं? शेवटी ती त्याच्यासाठीच रडते ना?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी चहा गार होतो. म्हणून जरा सविस्तर.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांचं मत ठाम आहे. त्यांनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला (हे झालं की आम्ही गप्प बसतो) आणि म्हणाल्या, "तो मेला ते उत्तम. ही रडली ते लेखिकेने तिच्यावर लादलंय. जबरदस्ती केलेल्या माणसावर प्रेम निघालं असं दाखवायचं म्हणजे वरच्या सगळ्या पानांवर बोळा फिरवायचा." मासिक चालवायचं, वाचक बहुतेक पुरुष, त्यांची समजूत काढायला हा शेवट, असं त्यांचं म्हणणं.

केईएमच्या बाजूला राहणाऱ्या एक सिस्टर येतात. त्यांना हे अजिबात पटलं नाही. वॉर्डात त्यांनी अशा बायका पाहिल्यात, ज्यांनी आयुष्यभर नवऱ्याचा मार खाल्ला आणि तो गेल्यावर हंबरडा फोडला. "ते खोटं रडणं नसतं. आणि रडली म्हणून त्याचा मार माफ झाला, असंही नसतं." मूरबाईंनी खरं तेच लिहिलं, आपल्याला ते बघवत नाही, इतकंच.

तिसरं मत एका इंजिनिअरिंगच्या पोराचं. त्याचा मुद्दा सरळ मजकुरातला आहे. त्या मूर्तीच्या चुंबनाबरोबर एक परकी, माणसाची नसलेली भावना जिरेलच्या आत शिरते आणि ओझ्यासारखी वाढत जाते. ती वेळेत दुसऱ्याला दिली नाही तर तिचाच जीव जाणार. मग शेवटी तिला जे वाटतं ते तिचं स्वतःचं कशावरून? शस्त्र वापरल्याची ती किंमत असेल!

मुद्दा हुशारीचा आहे, पण मला तो पुरत नाही. भुयारात उतरतानाही तिला गियोमचा तोच हसरा, माजोरी चेहरा पुन्हा पुन्हा आठवत राहतो. मूरबाईंनी बी आधीच पेरलेलं आहे. प्रेम म्हणा, ओढ म्हणा, काहीतरी तेव्हापासून तिथे आहे आणि तिला ते फक्त संताप म्हणूनच ओळखता येतं.

माझं गाऱ्हाणं वेगळं. तिला प्रेम वाटलं याचं मला काही नाही. कॉननसारख्या वीरांना हवं तेव्हा हवं ते वाटत असतं, त्यांना कोणी जाब विचारत नाही. खटकतं ते हे की गियोम सुटतो. त्याने जे केलं त्याचा हिशेब गोष्टीत कुठेच होत नाही. तो आधी रुबाबदार जेता असतो आणि नंतर एकदम शोकाचा विषय होतो. डिसेंबर १९३४ मध्ये आलेल्या पुढच्या गोष्टीत तर जिरेल त्याच्या आत्म्याला सोडवायला परत त्याच भुयारात उतरते. म्हणजे मरूनही काम तिलाच! यावर बाई आणि सिस्टर दोघींचंही एकमत झालं, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुन्हा कधी झालेलं नाही.

तरीही ही गोष्ट मला मोठी वाटते, आणि त्याचं कारण तलवार हे नाही. बाईच्या हातात तलवार कोणीही देऊ शकतो. इथे तिला सोडवायला कोणी येत नाही. निवेदक तिला एकदाही "बाईमाणसाने इतकं रागावू नये" असं सुचवत नाही. आणि बारकाईने पाहा: गियोमला धक्का बसतो, पण जॉयरीच्या सैनिकांना बसत नाही. एका बाईच्या हुकमावरून ते लढतात, मरतात, आणि ते तिचं का ऐकतात हे समजावण्यात मूरबाई एक ओळही खर्च करत नाहीत. ती न लिहिलेली ओळ मला त्या सगळ्या चकमकींपेक्षा जास्त धीट वाटते. आजही पडद्यावरच्या महिला पोलीस अधिकाऱ्याला पहिली वीस मिनिटं "ही बाई काय करणार" या वाक्याला उत्तर देण्यात घालवावी लागतात.

सी. एल. असं लिहून लेखिकेने आपण बाई असल्याचं लपवलं होतं ना?

असं सगळीकडे सांगितलं जातं आणि ऐकायला ते छानही वाटतं, पण कारण नोकरीचं होतं. कॅथरीन ल्यूसिल मूर इंडियानापोलिसच्या एका बँकेत सेक्रेटरी होत्या. मंदीचे दिवस. बाहेरून पैसे मिळतात हे वरच्यांना कळलं तर नोकरी जाईल ही भीती, म्हणून आद्याक्षरं. बँकेत आणि सरकारी खात्यात खर्डेघाशी करून टोपणनावाने लिहिणाऱ्यांची मुंबईला सवय आहे, त्यामुळे आमच्या गटात हे कुणाला नवल वाटलं नाही.

त्या नावामुळे गैरसमज मात्र झालेच. हेन्री कटनर या लेखकाने १९३६ मध्ये त्यांना चाहत्याचं पत्र लिहिलं ते "मिस्टर मूर" समजून. १९४० मध्ये दोघांनी लग्न केलं.

मुखपृष्ठावर तर अर्धवस्त्र बाई आहे. हे कसं काय?

ऑक्टोबर १९३४ च्या त्या अंकाचं मुखपृष्ठ याच गोष्टीवर आहे. काळ्या मूर्तीला बिलगलेली, अंगावर नावापुरते कपडे असलेली नायिका. गोष्टीतली जिरेल लढाईसाठी कपडे करते. चित्रातली कशासाठी करते ते चित्रच सांगतं. आणि गंमत म्हणजे ते काढणारीसुद्धा बाईच, मार्गारेट ब्रंडेज. त्या काळात 'वीअर्ड टेल्स'ची कितीतरी मुखपृष्ठं त्यांनी रंगवली आणि सही करायच्या "एम. ब्रंडेज" अशी.

यावरून ब्रंडेजबाईंना धारेवर धरणारे आमच्यात आहेत. मी त्यांच्यात नाही. घर चालवायचं होतं आणि असली चित्रं खपत होती. धरायचंच तर विकत घेणाऱ्यांना धरा.

कपड्यांचा तमाशा पुढे वाढतच गेला. हॉवर्ड यांच्या एका ऐतिहासिक गोष्टीत (जानेवारी १९३४) सोन्या नावाची लढवय्यी आहे. सोळाव्या शतकातलं व्हिएन्ना, तुर्कांचा वेढा, तिच्याकडे पिस्तुलं, आणि अंगभर कपडे. १९७३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिकवाल्यांनी तिच्यावरून रेड सोन्जा बेतली आणि लवकरच तिच्या अंगावर लोखंडी कड्यांची बिकिनी चढवली. चिलखताचं काम पोट झाकण्याचं असतं, हे सांगायला कुणी योद्धा लागत नाही.

बायकांना खरंच तलवार पेलेल का? हे अतिशयोक्त नाही का वाटत?

हा प्रश्न राक्षस, भुयार आणि जिवंत मूर्ती बिनतक्रार गिळणारे लोक विचारतात.

लालबागची एक मुलगी लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकवते. तिने एका रविवारी सरावाची बोथट तलवार आणली आणि सगळ्यांच्या हातातून फिरवली. जो तो उचलण्याआधी खांदे आवळत होता आणि उचलल्यावर चकित होत होता. एका हाताने चालवायची मध्ययुगीन युरोपीय तलवारही साधारण एक-सव्वा किलोचीच असे. ससून डॉकवरच्या कोळणी पहाटे डोक्यावर जे टोपलं घेऊन चालतात त्यापुढे हे काहीच नाही. मग तिने आम्हाला ती हात सरळ लांब करून आडवी धरायला लावली. थोड्याच वेळात मनगट पेटलं, टोक खाली झुकायला लागलं. दंड मोठे असलेल्यांचंही झुकलं, उलट जरा आधीच. "ताकद नाही, सवय," ती म्हणाली आणि तलवार परत गवसणीत घातली.

आपल्याकडे ताराराणी, लक्ष्मीबाई असताना ही परकी बाई कशाला?

यावर आमच्यात आवाज चढतात. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "आपल्याला घरचं सोनं दिसत नाही." सोनं आहेच. पण जरा शेजारी शेजारी ठेवून बघू या.

ताराराणींनी १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाविरुद्धचं युद्ध हाती घेतलं. उमाबाई दाभाडे खंडेराव आणि मग मुलगा त्र्यंबकराव गेल्यावर सेनापतिपदाचा कारभार पाहू लागल्या. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत गंगाधरराव १८५३ मध्ये वारले आणि दत्तक नामंजूर झाला. या तिघींचं कर्तृत्व अफाट, त्यात वाद नाही. पण आपण त्यांचं कौतुक कसं करतो ते बघा. नवऱ्यामागे राज्य राखलं, मुलाचा हक्क राखला. लक्ष्मीबाईंचा पुतळा पाठीवर मूल बांधल्याशिवाय आपल्याला पुरा वाटत नाही. तलवार उचलायला आपण त्यांना परवानगी देतो ती विधवा आणि आई म्हणून.

जिरेलला नवरा नाही, मूल नाही, कुणाची गादी सांभाळायची नाही. जॉयरी तिची आहे आणि ती गेली म्हणून तिचं डोकं फिरलंय. एवढ्याच कारणावर बाईला लढू देणारी गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात मला सापडली नव्हती. काकूंना हे पूर्ण पटलेलं नाही. "मूल पाठीला बांधून लढणं जास्त कठीण, ते कमी कसं?" हा त्यांचा उलटा प्रश्न. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, प्रश्न चोख आहे.

मराठीत असं कुणी वाचकाने पूर्वी विचारलंय का, की हे आजचं खूळ?

विचारलंय, आणि असं की आम्ही सगळे फिके. आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या अद्भुताच्याच होत्या: १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा'. देखण्या नायिका, संकटं, चमत्कार. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतच्या एका तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर झोड उठवली होती, त्याला ते उत्तर होतं. त्यात ताराबाईंनी त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनाही सोडलं नाही; या दोन्ही त्यांच्या तडाख्यात आल्या. रंजनासाठी लिहिलेल्या अद्भुत गोष्टीत बाईचं चित्र कसं रंगवलंय, हे कॉननच्या पन्नास वर्षं आधी त्यांनी विचारलं, आणि ज्या ठसक्यात विचारलं, तो ठसका मुळातूनच वाचा. पुस्तक पुढे विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं.

ही गोष्ट स्त्रीवादी आहे का, एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येणार. मूरबाई जाहीरनामा लिहायला बसल्या नव्हत्या. जिरेलच्या जगात दुसऱ्या बायका फारशा नाहीतच; मैत्रीण नाही, दाई नाही, सोबतीला लढणारी नाही. १९३५ च्या गोष्टीत एक तोलामोलाची बाई येते, जादूगारीण जारिस्मे, तर ती वैरीण. पंगतीत एकटीलाच ताट वाढलंय, हे दिसतं.

पुरुषांनी यावं का? आमच्यावर तोंडसुख घेतलं जातं असं ऐकलं.

या. घेतलं जातं, पण बिस्किटंही मिळतात.

मुलीला वाचायला देऊ का?

नववी-दहावीच्या पुढे खुशाल द्या, पण देऊन मोकळे होऊ नका. जबरीचं चुंबन आणि वरचा तो शेवट यावर तिच्याशी बोला. तिला काय वाटलं ते आधी ऐका; तुमचं मत तिने विचारलं तर सांगा. मुलालाही द्या. हा प्रश्न मुलाबद्दल अजून कुणी विचारलेला नाही.

इंग्रजी जड जाईल का?

थोडं जाईल. मूरबाईंना वर्णनाची हौस आहे आणि भुयाराखालचा मुलूख संपता संपत नाही. मधला भाग मला स्वतःला लांबलेला वाटतो. आम्ही तो आळीपाळीने मोठ्याने वाचला, त्याने बरंच सुसह्य झालं. वाचायचं इंग्रजीत आणि भांडायचं मराठीत, अशी आमची पद्धत आहे.

पुस्तक मिळेल कुठे?

फ्लोरा फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हात घालून बघा. नशिबाचा भाग आहे. लेखिकेच्या नावाने विचारण्यापेक्षा "जुनं फँटसी काय आहे" असं विचारलंत तर विक्रेता गठ्ठाच पुढे टाकेल. मुखपृष्ठावरून पुस्तक नाकारू नका, का ते वर आलंच आहे.

पुढच्या वेळी काय?

हॉवर्ड यांची आग्नेस. सोळाव्या शतकातलं फ्रान्स. बाप मारझोड करून लग्नाला उभी करतो, आणि ती नवऱ्या मुलालाच भोसकून पळते. कॉनन लिहिणाऱ्या माणसाने हे लिहिलं यावर आमच्यातल्या निम्म्यांचा विश्वास बसेना. १९३६ मध्ये ते वारले तोवर ही गोष्ट छापून आलीच नव्हती. बाईंनी आधीच वाचून काढली आहे आणि पुरुषाने लिहूनही शेवट मूरबाईंपेक्षा बरा, असं फोनवर सांगून ठेवलंय. सिस्टरांनी रात्रपाळी बदलून घेतली आहे.